शेऱ्याचा रकाना

भाद्रपद. रात्रीचे अकरा चाळीस.
चेहेडीच्या बंधाऱ्याखाली, दारणेत, कमरेइतक्या पाण्यात.
तापमान तेवीस पूर्णांक पाच.
काळी-पांढरी तबकडी सोडली, वीतभर गेली
आणि दिसेनाशी झाली.
गढूळपणा असा मोजतात :
एखादी गोष्ट बुडताना
किती वेळ आपली राहते, त्यावरून.

पलीकडे एकलहऱ्याच्या धुराड्यांवर लाल दिवे.
पुंजाराम लिलके जाळ्याची दोरी धरून उभे,
कानामागे विडी, न पेटवलेली.
"वास पान्यात उतरतो," म्हणतात.
ह्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

पहिल्या आठवड्यात रिकाम्या रात्रींपुढे
मी रेघ मारायचे.
बागूल मॅडमनी तक्ता परत केला.
रेघ नको, शून्य लिही.
रेघ म्हणजे आपण गेलोच नाही.
शून्य म्हणजे गेलो, भिजलो, उभे राहिलो
आणि कुणी आलं नाही.
आता एकोणीस शून्यं आहेत माझ्या नावावर.
काही गोल, काही
गारठ्याने चेपलेली.

माझे वडील नोटांच्या छापखान्यात मोजणीला होते.
सव्वीस वर्षं दुसऱ्याचे पैसे, एकही चूक नाही,
आणि घरी येऊन भाजीवाल्याने परत दिलेले सुटे
न बघता खिशात टाकायचे.
मी विचारलं नाही कधी.
आता वाटतं, विचारायला हवं होतं.

बाराला दोरी ताणली गेली.

खडशी.
बॅटरीच्या उजेडात तिचे खवले
पितळी डब्याच्या झाकणांसारखे, एकावर एक.
ओल्या फडक्यात धरली. लांबी अठ्ठावन्न.
पोटावरून अंगठा फिरवला, अगदी हलका,
आणि दोन अंडी आली तळहातावर,
हळदीत घोळलेल्या ज्वारीच्या दाण्यांएवढी.
परातलं चिमूटभर कातरलं, कुपीत टाकलं.
"माफ कर गं," पुंजाराम म्हणाले.
मला नाही, तिला.

मग पाठीवरच्या पराशी पिवळा बिल्ला दिसला.
शेवाळ आलेला. नखाने खरवडला :
चारशे सोळा.

जुने तक्ते जीपमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत.
चारशे सोळा, तीन वर्षांपूर्वीचा श्रावण,
हाच बंधारा. लांबी एकेचाळीस.
तिरकं अक्षर, खाली सही, अन्वर तडवी.
ते आता चोपड्याला बँकेत आहेत म्हणे.
मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं :
"शेपटी मारली. चष्मा गेला."

तीन वर्षं ही बाई
ह्याच भिंतीशी येते आहे.
सहा हात भिंत. वर सांडवा, पांढरा, सतत.
ती उडी मारते, आपटते, वळते,
पुन्हा मारते. पुंजारामांनी पाहिलंय.
हे तक्ते जमले की पाटबंधारे खात्याकडे जाणार,
माशांना चढायला पायऱ्या हव्यात म्हणून.
किती मासे दिसले म्हणजे पुरे,
ते कुणी सांगितलेलं नाही.

"बादली आनू का?" पुंजाराम म्हणाले.
मी म्हटलं, काका, नियम आहे.
जिथे धरली तिथेच सोडायची, छापलेलंच आहे,
नाहीतर सगळी मोजणी बिघडते.
ते काही बोलले नाहीत.
बादली त्यांच्या हातात होतीच.

भिंतीच्या कडेने, निसरड्यावरून,
एका हाताने तिला, एका हाताने एकमेकांना सावरत
आम्ही वर गेलो.
वरचं पाणी शांत, थोडं जास्त गार.
"तोंड वरच्या अंगाला कर," ते म्हणाले.
"आन सोडू नको. ती सुटंल."
मी तिला धरून राहिले. कल्ले उघडत होते, मिटत होते.
मग हातात नुसतंच पाणी उरलं.

जीपच्या बॉनेटवर कागद पसरला.
पुंजारामांनी आता विडी पेटवली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नीट, वळणदार :
"बंधाऱ्याच्या वर सोडली. नियम मोडला.
चष्मा सापडला नाही."