फळीवरचे आकडे

देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या
की जेल रोडला आमच्या काचा थरथरतात.
बाकीच्यांना आवाज येतो.
नाना बशीकडे बघायचे.
चहावर उठलेली वलयं बघून म्हणायचे,
"नवी पोरं दिसतायत. घाई करतायत."

डावा कान ते तोफखान्यातच ठेवून आले होते,
एकाहत्तरच्या डिसेंबरात, कुठल्याशा मोहरीच्या शेतात.
पडदा गेला, हाड राहिलं.
याहून जास्त आम्हाला कधी कळलं नाही.
विचारलं की तोच कान पुढे करायचे.

हवालदार कारभारी आरिंगळे,
पेन्शनीच्या पहिल्याच वर्षी वाइंडिंग शिकले.
पाटीवर 'रिवाइंडिंग' लिहिताना रंगारी एक अनुस्वार विसरला,
तो नानांनी वार्निशच्या ब्रशने दिला.
जरा डावीकडे पडलाय. अजून आहे.

मोटार ऐकायची त्यांची रीत न्यारी.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
लाकडी मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले.
ज्या कानात माझी हाक पोचत नव्हती
त्याच्या मागे झिजलेला एक छर्रा बरोबर कळायचा.
नातवाला कफ झाला तेव्हा
त्याच्या छातीला मूठ लावली, टोक स्वतःकडे.
"बेअरिंग ठीक आहे," म्हणाले, "ग्रीस जास्त झालंय."

तार गुंडाळताना मात्र कुणी बोलायचं नाही.
ओठ हलायचे, वेढे मोजायचे,
एक चुकला तर सगळी कॉइल सोडायची.
जेवायला बोलवायचं तर आई
घरातून दुकानाचा दिवा दोनदा मिटवायची.
मग नाना कानावरची पेन्सिल काढून
समोरच्या फळीवर काहीतरी लिहायचे
आणि यायचे. लगेच यायचे.

फळी भरलीय. १७. ३१. ९. ४०.
मला वाटायचं उधारी असेल.
शेड आवरताना आईने सांगितलं,
अगं, तिथे तिथे थांबले ते.

म्हणजे यातला एक माझ्या दहावीच्या निकालाचा.
एक दादा कंपाउंडवरून पडला त्याचा.
बाकी भाकरीचे, चहाचे, पाहुण्यांचे,
"अहो, जरा बघा, नळ गळतोय"चे.
एक १२ आहे, इतका दाबून लिहिलेला
की शिसं मोडून लाकडात राहिलंय.
तो कशाचा ते आई सांगत नाही.

शेवटचा २६.
त्या रात्री मेथी होती. जेवून आडवे झाले.

दसकच्या घाटावर कावळा लगेच शिवला.
काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही माणसाने,
मामा म्हणाले.
माझ्या डोळ्यांपुढे टेबलावरची मोटार,
छत्तीसपैकी एकवीस खाचा भरलेल्या.

तेराव्यानंतर गिरणाऱ्याचे तिडके आले,
द्राक्षाच्या दोन पेट्या घेऊन. मोटारीचं बोललेच नाहीत.
चहा घेतला, पाटीकडे बघत बसले,
जाताना एवढंच, "पाण्याचं भागतंय सध्या, शेजाऱ्याकडून."

रविवारी मी शेडचं शटर उचललं.
लहानपणी खाचांना कागद कापून द्यायचे, तेवढीच शिकवण.
साच्यावर अर्धी कॉइल तशीच, तार ताणलेली,
जणू बोट आताच काढलंय.
सोडून पहिल्यापासून घ्यावी, असं दादा म्हणाला.
खरं तर तेच बरोबर.

मी हँडल धरलं. सत्तावीस.
अठ्ठावीस.
तांबं बोटाला थंड लागतं, मग लागत नाही.
एकोणचाळीसला
दिवा दोनदा मिटला.

मला ऐकू येतं.
नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं.
पण आईचा हात बटणावरच गेला,
आणि माझा पेन्सिलीसाठी कानावर,
जिथे काहीच नव्हतं.

ती फळीच्या कडेला होती, दोऱ्याने बांधलेली.
२६ च्या खाली जरा जागा होती.