काचपट्ट्या

मानवतच्या बंद जिनिंगमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा
खिशात खडू, पिशवीत हातोडी
आणि नगरपालिकेचं एका ओळीचं पत्र:
इमारत ठेवायची की पाडायची, कळवावे.

ठेवली तर मुलींची अभ्यासिका.
पाडली तर गाळे.
गाळ्यांचा नकाशा आधीच तयार होता.
रंगीत.

मी भिंतींना टकटक करत फिरले.
विटेला दोनच शब्द येतात,
खण्ण, आणि भद्द.
पूर्वेची सगळी भिंत खण्ण.
फाटकाशी बैलगाड्यांचे आख घासून घासून
कोपरे गोल झालेले, तरी खण्ण.
गर्डरवरचा गंजाचा पापुद्रा नखानं उडवला,
खाली लोखंड निळसर, शाबूत.
कैच्यांच्या सांध्यांत रुई अडकलेली,
कुठल्या हंगामातली कोण जाणे,
चिमणीनं तिचंच घरटं केलेलं.
(हेही वहीत लिहिलं होतं. मग खोडलं.
अहवालात चिमणीला रकाना नसतो.)

पश्चिमेला भद्द.
आणि खिडकीच्या कोपऱ्यातून
विटेमागून वीट, पायरी पायरीनं वर गेलेली भेग.
रुपया उभा सरकेल एवढी.

अशा भेगेला लिंपण्याआधी विचारावं लागतं,
बाई, तू थांबलीस की अजून चालतेयस?
म्हणून काचेची पातळ पट्टी तिच्यावर आडवी बसवतात,
दोन्ही टोकांना प्लास्टर, मध्ये तारीख.
भिंत हलली की काच तडकते.
काच खोटं बोलत नाही,
असं मी राखणदाराला समजावून सांगितलं.
मुंजाजी म्हणाला, "बरं."

बारा पट्ट्या बसवल्या. सगळ्यांवर १३ मार्च.

दिवाळी उरकून आले तर बाराच्या बारा धड.
मला हसूच फुटत होतं.
मग सातव्या पट्टीवरचा तीन दिसला.
माझ्या तीनला शेपूट लांब असतं.
याला नव्हतंच.
आठवीवरही नव्हतं.

"मुंजाजी."

तो नळाखालच्या चिखलाकडे बघत राहिला.
मग खोलीत गेला, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला.
आत पुड्या, दुकानात हळद बांधतात तशा.
फुटलेली सातवी. फुटलेली आठवी. पुन्हा सातवी.
वर बॉलपेननं, दाबून दाबून काढलेली अक्षरं:
पोळ्याच्या आदल्या राती.
महालक्ष्म्या जेवल्या त्या दिशी.
नळ फुटला, त्याच्या तिसऱ्या दिशी.

"पाडतेत म्हणून नव्या लावल्या," तो म्हणाला.
"पण ह्या फेकू वाटंना.
तुम्हीच म्हणले होते ना, काच खोटं बोलत न्हाई."

मी रागावणार होते. शब्दही जुळवले होते.
पण पुड्या ओट्यावर ओळीनं मांडल्या
आणि त्याच माझ्याशी बोलायला लागल्या.
उन्हाळाभर एकही फुटलेली नाही.
पाणी मुरलं, की दोन दिवसांत तडा.
खचणारी भिंत अशी सुट्टी घेत नाही.
ही आपली काळी माती,
प्यायली की फुगते, तहानली की भेगाळते,
आणि वरच्या माणसाला वाटतं, घर फिरलं.
पश्चिमेचा पाया तेवढा उथळ,
आणि नेमका तिथंच नळ, तिथंच पन्हाळीची धार.

त्या रात्री परभणीला परत येऊन लिहिलं:
इमारत ठेवावी.
नळ वीस फूट लांब न्यावा.
पन्हाळीचं पाणी पक्क्या गटारात सोडावं.
पश्चिमेचा पाया टप्प्याटप्प्यानं, चार-चार फूट करून,
मुरमापर्यंत उतरवावा. मगच भेग चुन्यानं भरावी.
पट्टी क्रमांक सात व आठ बदललेल्या आढळल्या.
मूळ तुकडे सोबत जोडले आहेत.
नोंदी: मुंजाजी घाटूळ, राखणदार.

आठवड्यानं आवक-जावकमधून फोन.
मॅडम, तुमच्या अहवालासोबत एक डबा आलाय.
हलवला की वाजतोय.
याची पोच
कोणत्या रजिस्टरला घ्यायची?