बडगी

कपाशी वेचून झाली की
बामणोदच्या शिवारात झोपे काकांच्या मळ्यावर जमतो.
आधी सहा होतो, औंदा नऊ.
घरी सांगून निघतो: भरीत पार्टी.
खोटं नाही ते.

वांगी पऱ्हाटीच्या जाळावर.
लसूण, मिरच्या, कांद्याची पात बडगीत,
आणि मुसळ ज्याच्या हातात, गोष्ट त्याच्या तोंडात.
नियम दोनच. ‘मी’ म्हणायचं नाही.
मागच्याने सांगितलेलं मोडायचं नाही,
जोडायचं.

गोष्ट तीन हिवाळ्यांची, अजून चालूच.
तापीच्या अल्याड एक बाई, पल्याड एक.
अल्याडची खापरावर मांडे करायची,
हातावर ताणत ताणत मांडा एवढा व्हायचा
की दुसरी कड धरायला कुणीतरी लागायचंच.
मग कुणीतरी नाव आणली.
नावाड्याला मिशी दिली, नाव दिलं: सुपडू.
ज्याने दिलं तो त्या रात्रीपासून सुपडूच.
नाव कुणी ठेवलं विचारलं
तर बडगीकडे बोट करतो.

मागल्या साली जैतून तडवीने मुसळ घेतलं
आणि दोघींना बुडवलं.
एका वाक्यात. हातात हात.
कुणी हूं म्हणेना.
तिच्या घरी त्या आठवड्यात पाहुणे येऊन गेलेले,
हे आम्हाला ठाऊक होतं आणि नव्हतं.

झोपे काका उठले.
चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटलेला पोस्टमन.
चार ठोके दिले, म्हणाले,
“बुडाल्या, खरं हाये.
पन हतनूरचे दरवाजे बंद व्हते ना भो त्या रोजी.
पानी घोट्याइतकं.”

हसलो.
जैतून सगळ्यात उशिरा हसली,
मग थांबेचना, डोळे पुसून पुसून.

औंदा शिरपूरचं एक पोरगं आलंय, एकोणीसचं.
नाव सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
मुसळ त्याच्याकडे गेलं
तर नुसतं ठेचत राहिलं,
वांग्याचं लोणी होईस्तोवर.
ते पण धरलं गोष्टीत:
त्या साली नदीकाठी रातभर
कुठूनसा ठोक्यांचा आवाज यायचा.

मग मान वर न करता म्हणालं,
“ओल्या असतील अजून.
भूक लागली असेल त्यांना.”

जैतून केळीची पानं मांडत होती.
माणसं नऊ, पानं अकरा.
कळण्याची भाकरी सगळ्यांवर.
मीठ जरा कमीच पडलं होतं.