आखडता हात

क्लीव्हलँडच्या पूर्वेला, बंद पडलेल्या बेकरीत
रोझालिंड ह्रुस्का छापते उडणारी माणसं.
भट्टीच्या जागी आता प्रिंट वाळवायची फडताळं,
दह्याच्या रिकाम्या डब्यात लाल शाई,
डब्यावर तिच्याच अक्षरात:
बंबाचा नव्हे, जिभेचा लाल.

मी तिथे जाळ्या धुतो. तासाला चौदा डॉलर.
फवारा मारला की
आधी मुखवटा जातो, मग जबडा,
छातीवरचं चिन्ह सगळ्यात शेवटी.
मोरीत गुलाबी पाणी थोडा वेळ गोल फिरतं,
कुणाला वाचवायचं होतं ते आठवत नसल्यासारखं.

तिचा सुपरहिरो कुठल्याच अंकातला नाही.
निळे कपडे, लाल केप, सगळं रीतसर.
डावा हात मात्र कोपरात वाकलेला,
प्रत्येक चित्रात, आकाशाकडे अर्धाच.

मागच्या प्रदर्शनावर एका बाईंनी लिहिलं,
'थकलेल्या शक्तीनं आखडता घेतलेला हात.'
रोझालिंडनं ते कात्रण जपून ठेवलं,
शाईच्या डब्याखाली,
टेबलाला डाग पडू नये म्हणून.

शनिवारी तिचा भाऊ येतो, एमिल.
थर्मासमध्ये सूप, पगार घेत नाही.
सातव्या वर्षी तो गॅरेजच्या छपरावरून उडाला होता.
गळ्यात स्वयंपाकघरातला टॉवेल, त्यावर कोंबडे,
गाठीला रोझालिंडच्या लंगोटाची पिन,
ती तेव्हा तान्ही.
खाली रुबार्बचा वाफा.
"क्षणभर," तो म्हणतो, "हवा माझ्या बाजूनं होती."
मग कोपर.
मग आईचं दोन दिवस न बोलणं.

हात तेव्हापासून सरळ होत नाही.
त्याच हातानं एकोणतीस वर्षं
रात्रीच्या बसचं स्टिअरिंग फिरवलं,
बर्फात कुणी धावत येताना आरशात दिसलं
की बस थांबवली, वेळापत्रक गेलं खड्ड्यात.
आखडता म्हणे.

भिंग धरून बघा, केपच्या लाल ठिपक्यांमध्ये
कोंबडे आहेत, मोहरीएवढे.
सहाशे डॉलर मोजणाऱ्यांपैकी
अजून एकालाही दिसलेले नाहीत.

गेल्या शनिवारी नव्या चित्राची सदतिसावी प्रत चुकली.
लाल जाळी केसभर नाही, चांगली चार बोटं सरकली.
माणूस खाली,
केप मात्र वर, अजून छपराच्या कडेलाच.
रोझालिंड फाडायला निघाली.
एमिलनं कागद तिच्या हातून काढून घेतला,
बघत राहिला,
ओल्या शाईवर हलकेच फुंकर घातली.
"ही बरोबर आहे," म्हणाला. "असंच झालं होतं."

मग दोरीवर लावायला त्यानं हात वर केला,
जितका जातो तितका,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
अरे, तो चिमटा जरा खाली घे.