फाटकावरची नोंदवही

तासगावात बेदाण्याच्या शेडचं फाटक साडेआठला उघडतं.
मी स्टुलावर, मांडीवर नोंदवही.
मणेराजुरीच्या वडापातून उतरलेल्या बाया
चपला काढतात, बांगड्या काढतात,
मंगळसूत्र ब्लाउजच्या आत ढकलतात
आणि एकेक माझ्यासमोर येऊन थांबते.

जुलाब? नाही.
उलटी? नाही.
ताप? कावीळ? नाही. नाही.
जखम? हात दाखव. उलटे. आता सुलटे.

बासष्ट बाया, पाच रकाने.
तीनशे दहा वेळा 'नाही' लिहिते मी चहाच्या आधी.
सुरुवातीला ऐकून लिहायचे,
मग तोंड बघून.
आता पेन आपलं आपण चालतं.

वर्षातून एकदा सांगलीहून डॉक्टर येतो.
पॅकिंगच्या टेबलावर पांढरी चादर.
नखं बघतो, बोटांच्या बेचक्या बघतो,
"खाज?" विचारतो आणि उत्तराआधी पुढचीला बोलावतो.
आदल्या दिवशी झाकणाच्या डब्या वाटलेल्या,
वर नावाची चिठ्ठी.
त्या सकाळी वडापात कुणी कुणाकडं बघत नव्हतं.
खड्ड्यात गाडी आदळली तशी मालन म्हणाली,
"सांभाळा गं, एक्स्पोर्टचा माल हाय."
अख्खी गाडी हसली. ड्रायव्हरला कळलं नाही.

त्या मंगळवारी नवव्या नंबरला यल्लव्वा.
जतच्या पलीकडची. मराठी कामापुरती.
जुलाब?
"हौद," म्हणाली.
मला वाटलं, पाण्याचं विचारते.
हौद मागं आहे, शेडच्या.
ती हलली नाही. पोटावर हात ठेवला,
तीन बोटं दाखवली.
"हौद, अक्का. हौद."

सहा वर्षांत त्या रकान्यात 'होय' पडलं नव्हतं.
मागं रांग थांबली. आत पट्टा सुरू झालेला.
भोकरे सुपरवायझर म्हणाले,
"घरगुती कारण लिही नि पाठव तिला.
होय लिहिलंस तर ऑडिटला मलाच विचारतील."
भिंतीवर नियम आहे, लॅमिनेशन केलेला:
त्रास थांबल्यावर अठ्ठेचाळीस तास घरी.
त्या तासांची हजेरी कुणी द्यायची
ते लॅमिनेशनच्या बाहेर राहिलंय.

मी 'होय' लिहिलं.
'य' जरा खाली घसरला.
यल्लव्वानं बांगड्या परत चढवल्या,
एकेक,
आणि उन्हात वडापाची वाट बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी इंदुबाई पुढं वाकून हळूच:
"होय म्हटलं की हजरी जाती व्हय?"
जाते.
ती माझ्या पेनाकडं बघत राहिली.
"मग न्हाई."
मी लिहिलं, नाही.
दिवसभर पट्ट्यावर तिचीच बोटं दिसत होती मला
काडी, खडा, काळा दाणा बाजूला,
काडी, खडा
आणि दर अर्ध्या तासानं तिची जागा रिकामी.
कुणाला सांगितलं नाही मी.

शुक्रवारी पहाटे माझीच दोनदा कडी वाजली.
साडेआठला तरी स्टुलावर.
बासष्ट नावं वरून खाली वाचली,
पान उलटून पाठीमागंही बघितलं.
माझं त्या वहीत नाहीच.

नवव्या नंबरला यल्लव्वा परत आलेली.
जुलाब?
"इल्ला."
उलटी?
"इल्ला."
हात दाखवले तिनं, उलटे, सुलटे,
आणि आत जायचं सोडून तिथंच उभी.
माझ्या कपाळावरच्या घामाकडं बघत म्हणाली,
"निमग?"

तुम्हाला?
एवढं कन्नड मला येतं.
पेन हातात होतं.
तिच्या मागं त्रेपन्न जणी थांबल्या होत्या.