तेवढीच जाडी

ती येण्याआधी इल्पो बादलीत बर्फ कालवतो,
पाण्याची बाटली त्यात बुडवतो, बादली यंत्रात सरकवतो.
शून्य अंशावर पाणी किती भटकतं
याचा आकडा ठरलेला: एक पूर्णांक एक.
यंत्राने तेवढाच सांगितला
तर आज त्याच्या शब्दावर विश्वास.

औलिक्की बूट काढते. वय एकोणसाठ,
त्यातली सव्वीस वर्षं हाइलुओतोच्या बर्फरस्त्यावर.
समुद्र गोठला की ड्रिल घेऊन निघायची.
दर दोनशे मीटरवर एक भोक,
भोकात पट्टी, वहीत आकडा.
बेटाकडे गाड्या सोडायच्या की नाही
ते हिने सांगायचं.

आता ती पालथी झोपते,
तोंड गादीच्या भोकात.
"खाली मासे आहेत का गं?"
मी म्हणते, हलू नका.

मग यंत्राची धडधड, आणि मी काचेपलीकडे.
आत चाललंय ते एवढंच:
पाण्याच्या कणाला विचारायचं,
बाबा रे, कुठवर जाऊन आलास?
गाठीत पेशींची अशी खेटाखेट
की त्याला कूस बदलायला जागा नाही.
तो जिथल्या तिथे,
आणि पडद्यावर नेमका तिथेच उजेड.
आमच्या कामात उजेड दिसला की
कुणी आनंदाने ओरडत नाही.

पहिलं औषध जाऊन अकरा दिवस.
मी मोजते: चौतीस मिलिमीटर.
औषधाआधीही चौतीस.

इल्पो माउसने गाठीची कड गिरवतो,
पुसतो, पुन्हा गिरवतो.
हात जरा सैल सुटला
की शेजारचं मोकळं पाणी आकड्यात शिरतं
आणि माणूस उगाच हरखतो.
तेव्हा शून्य पूर्णांक नऊ.
आज एक पूर्णांक दोन.
तो खुर्चीत मागे रेलतो, चष्मा पुसत बसतो.
भिंती पडत असाव्यात आत.
असाव्यात.
मागच्या हिवाळ्यात एकीचा आकडा असाच चढला होता
आणि महिन्याभरात उतरला.
तिचं आडनाव मी विसरलेले नाही.

औलिक्की स्वेटरमधून डोकं बाहेर काढते.
"किती?"
गुरुवारी डॉक्टर सांगतील.
"अगं, जाडी तरी सांग. जन्म मोजण्यात गेलाय माझा."
तेवढीच आहे, मी बोलून जाते,
आणि जीभ चावते.

ती बुटाची नाडी बांधते. घाईने नाही.
"एप्रिलमध्येही तेवढीच असते.
पट्टी म्हणते, साठ सेंटिमीटर.
पण आत नुसत्या उभ्या सुया झालेल्या,
सुयांमधून पाणी फिरतंय.
तुकडा हातात घेतला की विस्कटतो.
वहीत मी साठच लिहायची,
आणि रस्ता बंद करायची."
मग कळायचं कसं?
"टाच मारून. आवाज बदलतो."

मी काही बोलले नाही. बोलायची परवानगी नव्हती,
आणि असती तरी
तीन दशांशांवर कुणाला चालायला सांगणार?

इल्पोने बादली बेसिनमध्ये उपडी केली.
खिडकीतून पार्किंग दिसतं.
दुपारचे तीन, दिवे लागलेले.
औलिक्की गाडीपाशी पोचली, दार उघडलं,
आणि थांबली.
पायाखालच्या बर्फावर तिने टाच मारली, एकदा.
मान तिरकी करून ऐकत राहिली.

काचेतून मला आवाज आला नाही.