जमाखर्चाच्या मागच्या पानावर

बाबगोंडा आण्णांच्या लाल वहीत
पुढून हळदीची तोलाई,
मागून मांजरांच्या कुंडल्या.
उंदीर पोती फोडतात म्हणून अडतीत मांजर लागतंच,
हे सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही.
पण मांजर व्यायला लागली की
मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी बसणारा तोलाईदार
गणपती पेठेत एकच.

"माणूस जन्मवेळ खोटी सांगतोय," आण्णा म्हणतात,
"लग्न जमावं म्हणून धा मिनिटं इकडची तिकडं.
मांजराला कुठं स्थळ बघायचंय?"

वाघ्या रोहिणीचा. वृषभ.
समोरून उंदीर गेला तर पाय आखडून घेतो,
त्याची वाट अडू नये म्हणून.
राजापुरीच्या थप्पीवर झोपून झोपून
पाठ पांढरी, पोट पिवळं.
हमाल म्हणतात, नवरदेवाला हळद लागली,
वरात तेवढी निघंना.

रेशमी तुळेची.
दुकानात एवढी जागा, पण ती बसणार काट्यावरच.
तासगावचा शेतकरी हसून म्हणाला,
"असू दे की बसलेली, तुमचं काय जातंय?"
आण्णांनी उतरवली. सव्वातीन किलो वजा.
ती परत चढली.
"तुळेला न्याय कळतोय," आण्णा म्हणाले,
"कुणाच्या बाजूचा, ते इचारू नये."

नोटी वृश्चिकेची, मुक्काम गल्ल्यामागं.
दिवाळीत माझ्या खुर्चीचं चाक तिच्या शेपटीवरून गेलं.
चुकून. मी माफीही मागितली.
गुढीपाडव्याला माझ्या नव्या चपलेत
मेलेली पाल होती.

तरी मी बीकॉम. एकदा विचारलंच,
आण्णा, ठकीची चार पिल्लं एका तासातली.
चंद्र तोच, रास तीच, कन्या.
मग एक दिवसभर अंग चाटतं,
दुसरं गटारीत लोळून येतं,
तिसरं माझ्यावर फिस्कारतं आणि चौथं मांडीवरून हलत नाही, ते कसं?
आण्णांनी चष्मा पुसला.
"लग्नरास बदलली असंल."
नाही बदलली. मोबाइलवर बघितलं मी.
"मग बाप बदलला असंल."

महापुराच्या साली
आयर्विन पुलापाशी पाणी पंचेचाळीस फुटांवर गेलं,
आम्ही पोती माळ्यावर ओढत होतो,
तेव्हा पत्र्यावरून एक राखी मांजर आली,
चिंब, आवाज न करता.
पाणी ओसरलं, चिखल निघाला, ती राहिली.

वहीत तिचं पान आहे.
जन्मतिथी: रेघ.
वेळ: रेघ.
ठिकाण: हरिपूरच्या अंगानं, बहुतेक.
स्वभाव लिहायला आण्णांनी पेन टेकवलं,
तिथं शाईचा ठिपका आहे फक्त.

आभाळ भरलं की ती ठकीची पिल्लं
मानेला धरून एकेक वरच्या थप्पीवर नेते.
ठकी चिडते, खाली आणते.
ही पुन्हा नेते.
नाव कुणी ठेवलंच नाही.
"ही जेवली का?" आण्णा विचारतात.
"ही कुठं गेली?"
चाळीस वर्षं त्यांनी घरात असंच विचारलं.
गेली तीन वर्षं घरात विचारायला कुणी नाही.

परवा अमावस्या, सौदे बंद.
पंचांग उघडं होतं, अवकहडा चक्राचं पान,
मी उगाच बोट फिरवत होते.
"आण्णा, ही."
"काय ही?"
"हे अक्षर. ही.
पुनर्वसू, चौथा चरण. कर्क."

आण्णांनी वही ओढली.
रास लिहिली, नक्षत्र लिहिलं,
पावतीवर लिहितात तशा अक्षरात, खाडाखोड न करता.
"आमचीबी कर्कच," म्हणाले
आणि सकाळीच पुसलेला काटा
पुन्हा पुसायला लागले.

रेशमी वर चढली.
सव्वातीन किलो.
त्यांनी उतरवली नाही.